संडेस्कूलच्या गीताची चाल कोणाची, हे कसे शोधावे आणि ते गीत मुलांना कसे शिकवावे

मंडळीत रविवारच्या मुलांच्या वर्गाची जबाबदारी नव्याने घेतलेल्या शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. गाणी शिकवायची म्हटले की हाती येते ते एखादे जुने पुस्तक, कोणीतरी काढून दिलेली छायाप्रत किंवा मोबाइलवर आलेली ध्वनिफीत, आणि त्यांवर बहुधा कोणाचेच नाव नसते. गीत कोणी लिहिले हे काही वेळा कळते, पण त्याला चाल कोणी दिली हे विचारणारे फार थोडे असतात. माझ्या मते मुलांच्या गीताचा अर्धा प्राण त्याच्या चालीत असतो. ती चाल कोणी, केव्हा आणि कोणासाठी बांधली हे शिक्षकाला ठाऊक असेल, तर गीताची निवड, पट्टी आणि शिकवण्याची रीत हे तिन्ही निर्णय सोपे होतात.

काय काय जवळ हवे

- तुमच्या मंडळीत वापरले जाणारे मराठी गीतांचे पुस्तक, उदाहरणार्थ ‘उपासना संगीत’. शक्य असल्यास त्याची जुनी आवृत्तीही मिळवावी, कारण पुढच्या आवृत्त्यांत नावे गळलेली असू शकतात.
- स्वरलेखनासह छापलेले एखादे इंग्रजी उपासनागीतांचे पुस्तक.
- इंटरनेट. ‘हिम्नरी डॉट ऑर्ग’ या संकेतस्थळावर गीत, चाल आणि संगीतकार या तिन्हींचा वेगवेगळा शोध घेता येतो आणि जुन्या पुस्तकांची पाने पाहता येतात.
- हार्मोनियम किंवा की-बोर्ड.
- एक जाड वही. तिचे काम शेवटच्या पायरीत येईल.

१. शब्द आणि चाल यांच्या नोंदी वेगळ्या करा

पहिल्याच दिवशी प्रत्येक गीतासाठी वहीत दोन रकाने आखावेत, एक शब्दांचा आणि दुसरा चालीचा. पाश्चात्त्य उपासनागीतांत कवी आणि संगीतकार बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. पुष्कळदा त्यांची भेटही झालेली नसते आणि कधी कधी चाल शब्दांच्याही आधीची असते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांची गीते. आयर्लंडमधील या कवयित्रीने विवाहापूर्वी, १८४८ साली, लहान मुलांसाठी गीतांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. प्रेषितांच्या मतांगिकारातील, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या संक्षिप्त निवेदनातील, एकेक वाक्य मुलांना समजावे, हा त्यातील अनेक गीतांचा हेतू होता. ‘आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता’ या शब्दांसाठी ‘ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्युटिफुल’, ख्रिस्तजन्मासाठी ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ आणि वधस्तंभासाठी ‘देअर इज अ ग्रीन हिल फार अवे’ अशी ही गीते आहेत. कवयित्री एकच असली, तरी आज या तिन्ही गीतांच्या प्रचलित चाली तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या आहेत.

ख्रिस्तजन्माच्या गीताला ऑर्गनवादक हेन्री जॉन गाँटलेट यांनी १८४९ साली ‘अर्बी’ ही चाल दिली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील नाताळची प्रसिद्ध उपासना १९१९ पासून याच गीताने सुरू होते आणि पहिले कडवे एक मुलगा एकट्याने गातो. मुलांच्या वर्गासाठी लिहिलेले गीत किती दूर जाऊ शकते, हे सांगण्यासाठी मी वर्गात नेहमी हीच गोष्ट निवडते. वधस्तंभाच्या गीताची ‘हॉर्सली’ ही चाल विल्यम हॉर्सली यांची असून ती १८४४ची, म्हणजे शब्दांच्या चार वर्षे आधीची आहे. ‘ऑल थिंग्ज ब्राइट’ या गीताची ‘रॉयल ओक’ ही आज फार आवडीने गायली जाणारी चाल तर सतराव्या शतकातील एका इंग्रजी लोकधुनेवरून मार्टिन शॉ यांनी १९१५ साली जुळवली. या गीताला विल्यम हेन्री मंक यांचीही एक चाल आहे. त्यामुळे दोन शिक्षक एकच गीत दोन प्रकारे शिकवत असतील, तर दोघेही बरोबर असू शकतात.

२. चालीचे नाव आणि छंदाचे आकडे वाचायला शिका

स्वरलेखनाच्या जुन्या पुस्तकांत पानाच्या डाव्या कोपऱ्यात कवीचे आणि उजव्या कोपऱ्यात संगीतकाराचे नाव असते. नव्या पुस्तकांत ही माहिती पानाच्या तळाशी गेलेली दिसते. तिच्याजवळच ठळक अक्षरांत एखादे नाव छापलेले असते, जे अनेकदा गावाचे, व्यक्तीचे किंवा चर्चचे असते. ते गीताचे शीर्षक नव्हे, चालीचे नाव होय. शोध घेताना हेच नाव सर्वाधिक उपयोगी पडते, कारण गीताचे पहिले वाक्य भाषेनुसार बदलते आणि चालीचे नाव सहसा बदलत नाही.

नावाशेजारी ८.६.८.६ असे आकडे असतात. कडव्यातील प्रत्येक ओळीत किती अवयव (एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे भाग, इंग्रजीत ‘सिलेबल’) उच्चारले जातात, हे ते सांगतात. ‘हॉर्सली’ ८.६.८.६ या छंदात आहे, ‘अर्बी’ ८.७.८.७.७.७ मध्ये आहे. ज्या दोन चालींचे आकडे सारखे, त्यांचे शब्द एकमेकींवर बसण्याची शक्यता असते. मराठी पुस्तकात स्वरलेखन नसेल, तर गीताच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून काही नोंद आहे का ते पाहावे. ती नसेल, तर ओळीतील अवयव स्वतः मोजून आकडे लिहावेत.

३. संगीतकार कोण आणि त्याने चाल कोणासाठी बांधली, हे शोधा

येथे घाई करू नये. मुलांच्या गीतांबाबत चुकीची श्रेये इतकी पसरलेली आहेत की एकाच ठिकाणी दिसलेल्या नावावर विसंबणे धोक्याचे आहे. पहिल्यांदा छापलेले पान कोणते आणि त्यावर काय आहे, हे दोन ठिकाणी तपासावे.

आरंभ करायचा असेल, तर ‘जीझस लव्ह्ज मी’ या गीतापासून करावा. ॲना बार्टलेट वॉर्नर यांनी हे शब्द बहीण सुझन यांच्यासोबतच्या कादंबरीसाठी लिहिले. १८६० साली निघालेल्या त्या कादंबरीत एका आजारी मुलाला धीर देण्यासाठी ते गायले जातात. विल्यम बॅचेल्डर ब्रॅडबरी यांनी १८६२ साली या शब्दांना चाल दिली आणि ‘यस, जीझस लव्ह्ज मी’ हे ध्रुपद स्वतः जोडले. आज मुले जे सर्वांत मोठ्या आवाजात गातात ते ध्रुपद कवयित्रीचे नसून संगीतकाराचे आहे.

ब्रॅडबरी (१८१६–१८६८) यांच्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण संडेस्कूलच्या गीताला आज आपण ओळखतो तो आकार देणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. अमेरिकेतील मेन राज्यात जन्मलेले ब्रॅडबरी बॉस्टनमध्ये संगीतशिक्षक लोवेल मेसन यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मुलांसाठी गायनाचे वर्ग चालवले. ‘गोल्डन चेन’ (१८६१), ‘गोल्डन शॉवर’ (१८६२) आणि ‘गोल्डन सेन्सर’ (१८६४) ही त्यांची संडेस्कूलच्या गीतांची पुस्तके होत. छोटी ओळ, चटकन परत येणारा स्वरसमूह आणि ज्याला कडवे पाठ नाही त्यालाही सामील होता येईल असे ध्रुपद, ही त्यांची पद्धत होती. समोर बसलेल्या मुलांना प्रत्यक्ष गाताना ऐकणाऱ्या माणसाने ती घडवली आहे, हे त्यांच्या चाली शिकवताना जाणवत राहते.

आता तीन सापळे.

पहिला सापळा म्हणजे मोठ्या नावाचा मोह. ‘अवे इन अ मेंजर’ हे नाताळचे गीत मार्टिन ल्यूथर यांनी आपल्या मुलांसाठी रचले, असे अजूनही अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. ते खरे नाही. हे शब्द १८८०च्या दशकात अमेरिकेत प्रथम छापले गेले. तिकडे प्रचलित असलेली चाल जेम्स आर. मरे यांच्या १८८७च्या पुस्तकात आली, आणि त्यांनीच तिच्यावर ल्यूथर यांचे अंगाईगीत असे लिहिल्याने गैरसमज पक्का झाला. ब्रिटनमध्ये गायली जाणारी चाल वेगळी असून ती विल्यम जे. कर्कपॅट्रिक यांची, १८९५ची आहे. मिशनऱ्यांच्या परंपरेनुसार आपल्याकडे यांपैकी कोणतीही चाल आलेली असू शकते. म्हणून नाताळच्या कार्यक्रमासाठी वाद्यसंगीताची ध्वनिफीत आणण्यापूर्वी मुले कोणती चाल गात आहेत याची खात्री करावी.

दुसरा सापळा उसन्या चालीचा. ‘जीझस लव्ह्ज द लिटल चिल्ड्रन’ या गीताची चाल जॉर्ज फ्रेडरिक रूट यांची आहे, पण ती त्यांनी मुलांसाठी बांधलेली नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, शत्रूच्या कैदेत पडलेल्या सैनिकावर रचलेल्या गीताची ती कूच करण्याची चाल होती. सी. हर्बर्ट वुलस्टन यांचे शब्द तिला पुढे जोडले गेले. रूट यांनी मुलांच्या ‘व्हेन ही कमेथ’ या गीतासाठी दिलेली चालही याच्या शेजारी ठेवून ऐकावी, म्हणजे प्रसंग बदलला की तोच संगीतकार लय कशी बदलतो ते कळते. वुलस्टन यांच्या ध्रुपदात मुलांच्या कातडीच्या रंगांची यादी आहे. ती आता अनेक ठिकाणी बदलून गातात आणि मला तो बदल योग्य वाटतो.

तिसरा सापळा टोपणनावांचा. फॅनी क्रॉसबी या अंध कवयित्रीने हजारो गीते लिहिली आणि त्यांसाठी जवळपास दोनशे टोपणनावे वापरली. ब्रॅडबरी यांच्यासाठी त्यांनी १८६४ पासून लिहायला सुरुवात केली. त्या काळच्या पुस्तकात एखादे अनोळखी नाव दिसले, की ते खरे आहे की टोपण, हे आधी पाहावे.

मोठी नावे बाजूला ठेवून शोधताना फार सुंदर माणसे भेटतात. ‘टेल मी द स्टोरीज ऑफ जीझस’ हे गीत नॉटिंगहॅम येथील संडेस्कूलचे कार्यकर्ते विल्यम हेन्री पार्कर यांनी १८८५ साली लिहिले. लंडनच्या संडेस्कूल युनियनने १९०३ साली घेतलेल्या स्पर्धेत या गीतासाठी बांधलेल्या फ्रेडरिक आर्थर चॅलिनर यांच्या चालीने पहिले बक्षीस मिळवले. चॅलिनर लहानपणी वीटभट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबलेले होते. मुलांना गोष्ट सांगायची झाली, तर या संगीतकाराची जरूर सांगावी.

४. हक्क तपासा

वर्गात किंवा उपासनेत गाणे आणि पुस्तक छापणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय प्रताधिकार कायद्यात खऱ्या धार्मिक विधीच्या ओघात केलेल्या गायनाला सवलत आहे. गीतपुस्तक छापून विकणे किंवा ध्वनिफीत प्रसिद्ध करणे या सवलतीत आपोआप येत नाही.

भारतात हक्काची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे असते. चॅलिनर १९५२ साली वारले, म्हणून त्यांच्या चालीची ही मुदत ३१ डिसेंबर २०१२ रोजी संपली. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची आहे. मार्टिन शॉ १९५८ साली वारले, त्यामुळे त्यांच्या कामाचे हक्क तेथे २०२८ अखेरपर्यंत चालतात. परदेशातील नातेवाईक मंडळींसाठी पुस्तक पाठवणार असाल, तर हा फरक ध्यानात ठेवा. ब्रॅडबरी, गाँटलेट, रूट यांच्या चाली केव्हाच मुक्त झालेल्या आहेत.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते भाषांतराकडे. मूळ गीत मुक्त असले, तरी त्याचे मराठी भाषांतर आणि नव्याने केलेली स्वरमांडणी यांचे हक्क स्वतंत्र असतात. भाषांतरकाराचे नाव सापडत नसेल, तर पुस्तकाच्या प्रकाशकाला किंवा मंडळीच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

५. मराठी शब्द चालीवर खरोखर बसतात का, ते पाहा

आकडे जुळले म्हणजे काम झाले असे नाही, आणि नवखे शिक्षक सर्वांत जास्त अडतात ते येथेच. इंग्रजी गीताची लय आघातावर चालते, तर मराठीत कानाला आधी जाणवतात ते ऱ्हस्व आणि दीर्घ. ब्रॅडबरी यांच्या ‘जीझस लव्ह्ज मी’च्या चालीत ओळीचा पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा अवयव ठोक्यावर येतो. तेथे ‘येशू’, ‘तारक’, ‘गोड’ अशा, पहिले अक्षर गुरू असलेल्या शब्दांनी ओळ सुरू केली तर ती आपसूक बसते. ‘प्रभू’, ‘दया’, ‘कृपा’, ‘पिता’ हे शब्द लघूने सुरू होतात. ते ठोक्यावर ठेवले की मुले ‘प्र’ किंवा ‘द’ ताणतात आणि शब्द विद्रूप होतो. हेच शब्द ‘हॉर्सली’सारख्या, पहिला अवयव हलका असलेल्या चालीवर मात्र ओळीच्या आरंभी शोभून दिसतात.

दुसरी अडचण शब्दाच्या शेवटच्या अकाराची आहे. ‘प्रेम’ हा शब्द बोलताना एकाच अवयवाचा असतो, पण गीतात तो ‘प्रे-म’ असा दोन अवयवांनी मोजलेला असू शकतो. पहिल्यांदा शिकवतानाच काय ते ठरवून सर्वांना सारखे सांगावे, कारण अर्ध्या वर्गाने एक आणि अर्ध्याने दुसरे म्हटले की ओळ फाटते.

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती कवींनाही पडला होता आणि त्यांची उत्तरे अभ्यासण्यासारखी आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. त्या परंपरेतील कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांचे ‘तन मन धन’ हे गीत आपल्या देशी चालीसह इंग्रजी उपासनागीतांच्या पुस्तकांत गेले. तेथे चालीचे नावही ‘तन मन धन’ असेच छापले जाते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, ओवी आणि भजन या आपल्या घाटांतच ख्रिस्ताची गीते गावीत असा मार्ग दाखवला. बालबोधमेवा या मिशनच्या मुलांच्या मासिकातही त्यांनी लेखन केले. परकी चाल घ्यायला माझा मुळीच विरोध नाही, मात्र वर्षभराच्या गीतांत काही तरी गीते मराठी चालीची असावीत, असा माझा आग्रह आहे. त्या गीतांत मुलांच्या तोंडी शब्द न ओढता येतात.

६. स्वर लिहा आणि पट्टी ठरवा

स्वरलेखन वाचता येत नसेल, तर खचून जाऊ नका. याच अडचणीवर इंग्लंडमध्ये संडेस्कूलनेच उपाय काढला होता. १८४१ साली हल येथे भरलेल्या संडेस्कूल शिक्षकांच्या परिषदेने जॉन कर्वेन या तरुण पाळकांवर गायन शिकवण्याची सोपी पद्धत शोधण्याचे काम सोपवले. त्यांनी नॉर्विच येथील शिक्षिका सारा ग्लोव्हर यांच्या पद्धतीवरून ‘टॉनिक सोल्फा’ ही लेखनपद्धती विकसित केली. जुन्या पुस्तकांत स्वरांऐवजी रोमन अक्षरे छापलेली दिसतात, ती हीच. त्यातील ‘डो’ आपल्या षड्जाप्रमाणे कोणत्याही पट्टीत धरता येतो, त्यामुळे डो, रे, मी, फा, सोल, ला, टी यांच्या जागी सा, रे, ग, म, प, ध, नी लिहिले की काम होते.

ब्रॅडबरी यांच्या ‘जीझस लव्ह्ज मी’च्या चालीचे कडवे असे लिहिता येईल:

प ग ग रे ग प प
ध ध सां ध ध प प
प ग ग रे ग प प
ध ध प सा ग रे सा

यात मध्यम आणि निषाद नाहीत. सा, रे, ग, प, ध हे भूप रागाचे पाच स्वर आहेत. चलन, म्हणजे स्वर फिरण्याची रीत, भूपाचे नसल्याने याला राग म्हणता येणार नाही, पण भजन ऐकत वाढलेल्या मुलांच्या गळ्यात ही चाल इतक्या लवकर का उतरते, याचे कारण मला या स्वरांत दिसते.

पूर्ण चाल मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे एका सप्तकात आहे. लहान मुलांसाठी पांढरी एक किंवा पांढरी दोन ही पट्टी बहुधा सोयीची पडते. छापील पुस्तकातील पट्टी मोठ्यांच्या चार आवाजांचा विचार करून ठरवलेली असू शकते, म्हणून ती जशीच्या तशी घेऊ नये. चार ओळींच्या मांडणीतून सर्वांत वरची ओळ तेवढी मुलांसाठी उचलावी. शिक्षक पुरुष असेल, तर मुले त्याचा खालचा आवाज पकडण्याच्या प्रयत्नात दबून गातात. अशा वेळी आवाजाऐवजी हार्मोनियमवर, मुलांच्या सप्तकात, ओळ वाजवून दाखवावी.

७. वर्गात शिकवताना

आधी ध्रुपद, मग पहिले कडवे, आणि एका रविवारी त्याहून जास्त नाही. शब्द लयीत बोलून घ्यावेत, मग टाळीवर, मग स्वरात. संगीतकाराबद्दल दोन वाक्ये पुरेत. सर्वांत लहान गटासाठी ध्रुपद असलेली गीते निवडावीत. नऊ-दहा वर्षांच्या पुढील मुलांना ‘अर्बी’सारखी ध्रुपद नसलेली, कडव्याकडव्याने कथा सांगणारी गीते पेलतात आणि आवडतातही.

८. वहीत नोंद ठेवा आणि ती छापा

प्रत्येक गीतासाठी मराठी पहिली ओळ, मूळ गीत, कवी, भाषांतरकार, चालीचे नाव, संगीतकार, वर्ष, छंद, पट्टी आणि माहिती कोठे मिळाली, एवढे लिहावे. जे सापडले नाही, त्याची जागा रिकामी सोडावी, अंदाजाने भरू नये. नमुन्यादाखल एक नोंद:

मूळ गीत: देअर इज अ ग्रीन हिल फार अवे. शब्द: सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर, १८४८. चाल: हॉर्सली. संगीतकार: विल्यम हॉर्सली, १८४४. छंद: ८.६.८.६. भाषांतरकार: ________.

नाताळ, ईस्टर किंवा बालदिनाचे पत्रक छापताना गीताखाली कवी, भाषांतरकार आणि संगीतकार अशी तिन्ही नावे याच वहीतून घालावीत, आणि वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवताना वहीही त्याच्या हाती द्यावी.